‘कॅनडाची थंडी’ म्हणजे नेमकी कुठली?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून कॅनडात मित्रमैत्रिणींकडे निघणाऱ्यांची विचारपूस सुरू होते. नेमके त्याच सुमारास वर्तमानपत्रांत ‘कॅनडा उणे चाळिशीत गोठला’ असले मथळे झळकतात. ते वाचून कोणी तिकीट रद्द करतो, तर कोणी खडे बाजारातून डझनभर स्वेटर आणून दोन बॅगा ठासून भरतो. दोन्ही गोष्टी उगाच. कॅनडाला एक थंडी नाही, शहरागणिक तिची तऱ्हा वेगळी. तेव्हा आकडा छापताना शहराचे नाव द्यावे आणि तो आकडा हवेचा की वाऱ्याचा, तेही द्यावे, एवढी विनंती.

वाऱ्याचा आकडा म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा ‘विंड चिल’. कातडीला लागून कोमट हवेचा पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो आणि शरीर भराभर उष्णता गमावते. डिसेंबरात पहाटे मोटारसायकलवरून चोर्ला घाटाकडे निघालेल्याला हे वेगळे सांगायला नको. हवा उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर अंगाला उणे २० सारखे लागते. हवा उणे २० असेल तर तोच वारा तिला उणे ३३ वर नेतो. मथळ्यातला उणे ४० बहुधा हाच असतो. मात्र तो आकडा खोटा नव्हे. विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. आधी नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल आणि बोटे जातात. कातडी पांढुरकी, मेणासारखी दिसते असे सांगतात खरे, पण सावळ्या अंगावर ते लवकर कळत नाही. आधी दुखणारा भाग अचानक दुखायचा थांबला आणि बधिर झाला, ही खूण जास्त भरवशाची. असे झाल्यास चोळू नये, हीटरसमोरही धरू नये, कारण बधिर कातडी भाजली तरी समजत नाही. आत येऊन तो भाग कोमट पाण्यात धरावा आणि बधिरपणा गेला नाही तर डॉक्टर गाठावा.

आता शहरे. व्हँकुव्हरला जानेवारीत दिवसा पारा ६-७ अंशांवर असतो. बर्फ कमी, पण पाऊस दिवसेंदिवस झिमझिमतो. तिथे पिसांचा जाड कोट घालणारा फसतो, कारण भिजलेली पिसे चिकटून बसतात आणि ऊब धरत नाहीत. तिथे पाणी न शिरणारे जाकीट आणि आत लोकरी स्वेटर पुरतो. आंबोलीच्या पावसात वावरलेला माणूस तिथे सहज निभावतो. टोरंटोत दिवसा शून्याच्या आसपास आणि रात्री उणे सात-आठ असते. तिथे थंडीपेक्षा रस्त्यातला बर्फ, तो वितळवायला टाकलेले मीठ आणि पाणी यांचा रेंदा जास्त छळतो, म्हणून बुटाला पाणी लागू न देणे महत्त्वाचे. ओटावा आणि माँट्रियलमध्ये दिवसा उणे पाच, रात्री उणे तेरा-चौदा, आणि बर्फ भरपूर. विनिपेगला दिवसाच उणे अकरा, रात्री उणे एकवीस, त्यात सपाट प्रदेशावरून येणारा वारा. लोकांच्या मनातली ‘कॅनडाची थंडी’ ती हीच. कॅलगरीचे गणित आणखी निराळे. रॉकी पर्वत उतरून येणारा ‘चिनूक’ नावाचा कोरडा, उबदार वारा काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढवतो. दुपारी बर्फ वितळते आणि रात्री तेच पाणी काचेसारखे गोठते. त्यामुळे उबेच्या दिवसानंतरची सकाळ तिथे घसरायला सगळ्यात वाईट.

मित्र तीन-चार शहरांत विखुरलेले असतील, तर जाताना टोरंटो आणि येताना व्हँकुव्हर असे तिकीट काढणे सोयीचे. पूर्वेकडची तीन शहरे रेल्वेने होतात. टोरंटो ते ओटावा साडेचार तास, तिथून माँट्रियल दोन तास. पुढे विमानच, कारण टोरंटोहून व्हँकुव्हर विमानानेसुद्धा पाच तास लांब आहे. दोन शहरांमध्ये एक मोकळा दिवस ठेवावा. वादळाने विमान रद्द झाले तर तिथल्या नियमाप्रमाणे कंपनीने ४८ तासांच्या आतली दुसरी जागा द्यायची असते, नाहीतर पैसे परत मागता येतात. पण हवामानाचे कारण कंपनीच्या हाताबाहेरचे धरतात, म्हणून हॉटेल-जेवणाचा खर्च आणि भरपाई मिळत नाही. आपल्या बाजूलाही हीच सावधगिरी हवी. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघणारे विमान आणि पुढचे परदेशी विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असेल, तर आदल्या दिवशीच पोचावे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुके असते. दुसरा मार्ग मिळत असेल तर त्या दिवसांत बेंगळूर किंवा मुंबई धरावी, असे आमचे मत.

कपड्यांत लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. तीन थर पुरतात. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) किंवा लोकर, आणि बाहेरून वारा अडवणारा लांब, टोपीवाला कोट. अंगालगत सुती बनियन नको. चालताना घाम येतो, सूत तो धरून ठेवते आणि थांबल्यावर तोच गार पडतो. इथले स्वेटर मधल्या थराला चांगले, पण जाळीदार विणीतून वारा आरपार जातो. बाहेरचा कोट इथून घेऊच नये. तिथल्या मित्राकडे जुना कोट पडलेला असतोच, तो विमानतळावर घेऊन यायला सांगावे. नाहीतर २६ डिसेंबरच्या सेलमध्ये किंवा जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळतो. बूट एक नंबर मोठे घ्यावेत. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. बोटे सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र ठेवणारे मिटन ऊबदार. कानटोपी आपली आजीची चालते, तिला हसणारेही तिथे कोणी नसते.

चालण्याचे तंत्र आधी घरातच करून पाहावे. पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर, आणि हात खिशाबाहेर. रस्ता नुसता ओला दिसतो, पण वर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा असतो. हाच ‘ब्लॅक आइस’. रस्त्यावरचे मीठ साधारण उणे दहाच्या खाली नीट काम करत नाही, मग वाळू टाकतात. साठीपुढच्यांनी बुटाला अडकवायचे काटे जरूर घ्यावेत, मात्र दुकानाच्या फरशीवर ते काढायचे, तिथे तेच घसरवतात. आणि यजमानाला मदत म्हणून काकांनी अंगणातला बर्फ ओढायला जाऊ नये. ओला बर्फ भलताच जड असतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. अशा वेळी अचानक जोर लावला की हृदयविकाराचा धोका वाढतो.

शहराच्या मध्यभागी बाहेर चालण्याची फारशी गरजच पडत नाही. टोरंटोत आणि माँट्रियलमध्ये तीस किलोमीटरहून जास्त लांबीचे भुयारी रस्ते दुकाने, स्टेशने आणि कचेऱ्या जोडतात. कॅलगरीत तेच काम रस्त्यापासून पंधरा फुटांवरचे बंदिस्त पूल करतात. टोरंटोतली बरीच भुयारी दुकाने मात्र शनिवार-रविवारी बंद असतात, कारण ती कचेऱ्यांच्या गिऱ्हाइकांवर चालतात. ओटाव्याचा रिडो कालवा गोठून होणारी ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट अनुभवायची असेल, तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा, आणि तरीही हमी नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसे जाड झाले नाही म्हणून ती एकही दिवस उघडली नव्हती. दिवस लहान असतो, टोरंटोत डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. सकाळी दहा ते तीन हाच फिरायचा वेळ.

मोटार आपण चालवू नये. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, एवढ्यावरूनच रस्त्याची कल्पना यावी. पण नुसते बसणाऱ्यालाही दोन गोष्टी माहीत हव्यात. गाडी बर्फात अडकली आणि इंजिन चालू ठेवायचे असेल, तर धूर सोडणारी नळी बर्फाने बुजलेली नाही ना, ते आधी पाहावे. बुजली असेल तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. आणि लहान मुलाला जाड कोटासकट सीटच्या पट्ट्यात बसवू नये. कोट दबतो, पट्टा सैल पडतो. कोट काढून पट्टा आवळावा आणि वरून पांघरूण घालावे.

आता कागद. इथेच सीमाभागाची वेगळी अडचण आहे. व्हिसाचे शुल्क १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे, फोटो यांचे ८५. ठसे द्यायला बेंगळूर, मुंबईसारखे व्हिसा केंद्राचे शहर गाठावे लागते. १४ वर्षांखालच्यांना आणि ७९ वर्षांवरच्यांना त्यातून सूट आहे. अर्ज फेटाळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही’. म्हणून शेतीचा उतारा, घरपट्टी, नोकरीचा दाखला यांना वजन. पण आपला उतारा कन्नडमध्ये, आणि जमीन चंदगड-गडहिंग्लजकडे असेल तर सातबारा मराठीत. दोन्हींचे शिक्क्यांसकट पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, सोबत मूळ कागदाची प्रत आणि भाषांतरकाराचे अफिडेव्हिट. भाषांतर घरच्या माणसाने केलेले चालत नाही. भाचा इंग्रजीचा प्राध्यापक असला तरीही नाही.

नावांचा घोळ त्याहून चिवट. शाळेच्या मराठी दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कन्नड कागदावर पुढे आद्याक्षरे. आणि इंग्रजीत प्रत्येक कचेरीचे स्पेलिंग वेगळे. अर्जात फक्त पासपोर्टवरचे नाव अक्षरश: उतरवावे आणि बाकीच्या फरकांसाठी एकच अफिडेव्हिट जोडावे. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल, तर सगळे नाव अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात भरायचे आणि नावाचा रकाना मोकळा सोडायचा. जन्मगाव जुन्या पासपोर्टवर ‘बेलगाम’ आणि २०१४ नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ असते. त्याने अर्ज अडत नाही, तरी खुलाशाचे एक वाक्य लिहावे.

निमंत्रणपत्र प्रत्येक यजमानाचे वेगळे हवे. त्यात त्याचा पत्ता, फोन, काम, घरात किती माणसे, तुमची ओळख कशी, किती दिवस राहणार, खर्च कोणाचा, आणि सोबत तिथल्या वास्तव्याच्या पुराव्याची प्रत. घोटाळा होतो तो तारखांचा. टोरंटोचा मित्र १० तारखेपर्यंत लिहितो, माँट्रियलचा ८ पासून. सगळी पत्रे शेजारी ठेवून जुळवावीत. बँकेत अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी रक्कम भरली, तर ती कुठून आली हे दाखवावे लागते. दीर्घ मुक्कामाचा ‘सुपर व्हिसा’ फक्त आईवडील आणि आजीआजोबांसाठी आहे, मित्रांना त्याचा उपयोग नाही.

विमा घेताना ‘स्थिर आजार’ हे कलम वाचावे. पुष्कळ पॉलिसी जुना आजार तेव्हाच धरतात, जेव्हा निघण्याआधीचे ठरावीक दिवस औषध किंवा त्याचे प्रमाण बदललेले नसते. ‘प्रवासाआधी एकदा दाखवून घेऊ’ म्हणून गेलेल्याची बीपीची गोळी बदलली, तर तेच कलम अंगाशी येते. तपासणी करायचीच, पण तीन-चार महिने आधी. औषधे मूळ वेष्टणात, चिठ्ठीसह, जास्तीत जास्त ९० दिवसांची न्यावीत. तिथली घरे गरम आणि हवा अतिशय कोरडी, त्यामुळे नाकातून रक्त येते, ओठ फुटतात आणि नायलॉनची साडी नेसलेलीला दाराची मूठ विजेचा बारीक चटका देते. व्हॅसलीन न्यावे. खोबरेल गोठते, ते बाथरूममध्ये गरम पाण्यात धरावे लागते.

खाऊबद्दल. पोहे, ज्वारीचे पीठ, डाळी टोरंटोच्या आसपास सगळे मिळते, त्यासाठी बॅगेतले वजन घालवू नये. नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करायचा. लपवला तर १,३०० डॉलरपर्यंत दंड. ताजी फळे, बिया आणि कढीपत्ता नेऊच नये. दुधाच्या पदार्थांवर निर्बंध आहेत, तेव्हा बेळगावचा कुंदा अधिकाऱ्याच्या टेबलावर राहण्याचीच शक्यता जास्त. गोकाकचे करदंट त्या मानाने बरे, तेही सीलबंद आणि जाहीर करून. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल, तर घरचा मसाला तपासावा. त्यात खसखस असते, आणि तिथे खसखस हा गुन्हा आहे.

आपले,
परदेश प्रवासाची कागदपत्रे पाहणारे काही वाचक,
शहापूर, बेळगाव