इंजिन नवं, आरसीवर नंबर जुना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वॉरंटीत इंजिन बदलून मिळालं की प्रश्न मिटला, असं बहुतेक गाडीमालक धरून चालतात. गाडी कितीतरी दिवस वर्कशॉपमध्ये अडकलेली असते, खिशातून पैसे गेलेले नसतात, त्यामुळे किल्ली हातात पडली की माणूस निघतो. माझ्या मेहुण्याने तेच केलं. पुढे त्याने ती डिझेल गाडी विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याने बोनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला आणि सौदा तिथेच मोडला. गाडी चोरीची तर नाही ना, ही त्याची शंका रास्तच होती.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. पण त्यासाठी लागणारे कागद असतात डीलरकडे, आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच नव्या इंजिनचा नंबर छापलेलं बिल मागावं, रक्कम शून्य असली तरी. सोबत लेटरहेडवर पत्र घ्यावं: जुना नंबर, नवा नंबर, तारीख, किलोमीटर आणि बदलण्याचं कारण. मग मोबाइलचा टॉर्च लावून ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावरचा, नंबर स्वतः वाचावा. विमा पॉलिसीवरही इंजिन नंबर असतो. तो बदलून घेतला नाही तर अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर नेमकं त्यावरच बोट ठेवू शकतो. गाडी कर्जावर असेल तर बँकेलाही कळवावं.

दुसरा प्रश्न, ‘नवं इंजिन’ म्हणजे नेमकं काय बसवलं? शॉर्ट ब्लॉक असेल तर सिलिंडर ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन तेवढे नवे, वरचं हेड (सिलिंडरवर बसणारा झाकणासारखा भाग) जुनंच. लाँग ब्लॉकमध्ये हेडही येतं, पण टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग), इंजेक्टर (इंधन फवारणारा), ऑइल कूलर (ऑइल थंड करणारा) हे बहुधा जुन्या इंजिनचेच काढून लावतात. इथेच खरी मेख आहे. जुन्या इंजिनचं बेअरिंग गेलं असेल तर त्याचा धातूचा चुरा ऑइलबरोबर टर्बोपर्यंत आणि कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. तोच कूलर नुसता पुसून परत लावला, तर तो चुरा नव्या इंजिनात उतरतो आणि काही महिन्यांत पुन्हा तोच खडखडाट सुरू होतो. म्हणून कोणते भाग बदलले, कोणते नुसते साफ केले, हे जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, लिहून घ्यायलाच हवं. धातूचे कण किती महागात पडतात याचं उदाहरण मोठं आहे. २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर कारखान्यातल्या मशीनिंगचा कचरा इंजिनात राहिला असण्याची शक्यता!

जुनं इंजिन कशामुळे गेलं, हेही लेखी विचारावं. “कंपनीकडे पाठवलंय, रिपोर्ट येईल,” एवढ्यावर थांबू नये. कारणच कळलं नाही तर पुढच्या वेळी “तुम्हीच ऑइल वेळेवर बदललं नाही” हे ऐकून घ्यावं लागतं. नव्या इंजिनला वॉरंटी नव्याने सुरू होते, हाही सर्रास आढळणारा समज. बहुतेक वेळा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू राहतो. तो संपत आला असेल तर बदललेल्या इंजिनवर किती मुदत आणि किती किलोमीटर, हे ई-मेलवर मागून घ्यावं. पहिलं ऑइल कधी बदलायचं आणि ते कोणाच्या खर्चाने, हेही त्यातच विचारावं.

तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते. पण तिथे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या तोंडी शब्दावर काही सिद्ध होत नाही, कागदच लागतो.

नवी गाडी घेताना नोंदणीचे सगळे सोपस्कार शोरूम करून देतं. मग कंपनीच्या दोषामुळे इंजिन बदलावं लागलं, तर आरसीतल्या दुरुस्तीचा अर्ज डीलरनेच भरावा आणि त्याचा खर्चही त्यानेच सोसावा. परिवहन आयुक्तांनी तसा स्पष्ट आदेश काढावा, ही माझी विनंती आहे. तोवर बिल आणि पत्र हातात आल्याशिवाय कोणीही डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नये.

आपला,
एक वाचक, सातारा