रिकाम्या कंटेनरचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालघर जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदरासंबंधी सध्या जे लिहिले-बोलले जाते त्यात समुद्राची नैसर्गिक खोली, तेथे लागू शकणारी अजस्र जहाजे आणि वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेले कंटेनर) हाताळण्याची नियोजित क्षमता यांवरच सगळा भर असतो. मच्छीमारांच्या पोटापाण्याचा प्रश्न याहून मोठा आहे आणि त्यावर अधिकाराने बोलणारे लोक आहेत. मी न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाचे बुकिंग आणि जकातीची कागदपत्रे सांभाळणारा माणूस आहे, तेव्हा माझ्या धंद्यापुरतेच लिहितो. कोरोनाच्या साथीत २०२० च्या उत्तरार्धापासून दीड-दोन वर्षे आमच्या धंद्यात जो गोंधळ माजला, त्याचे मूळ धक्क्याच्या लांबीत किंवा समुद्राच्या खोलीत नव्हते. ते साता समुद्रापलीकडच्या आणि आपल्याही घरांतल्या खरेदीत होते, आणि ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची आखणी करताना त्याची आठवण कोणी ठेवल्याचे दिसत नाही.

एप्रिल २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेने त्या वर्षी मालाचा व्यापार १३ ते ३२ टक्क्यांनी घटेल असा अंदाज वर्तवला होता. प्रत्यक्षात घट झाली ती ५.३ टक्क्यांची. अंदाज बांधणाऱ्यांनी कारखाने बंद पडलेले पाहिले. घरात अडकलेला माणूस हातातल्या पैशाचे काय करील, याचा विचार मात्र पुरेसा झाला नाही. हॉटेल, जिम, चित्रपटगृह, विमानप्रवास यांवर जाणारा अमेरिकी कुटुंबाचा पैसा शिल्लक पडला, त्यात सरकारने मार्च २०२० च्या कायद्यान्वये बहुसंख्य प्रौढांना प्रत्येकी १,२०० डॉलरपर्यंत रक्कम पाठवली आणि पुढे आणखी दोनदा पैसे दिले. या पैशातून ट्रेडमिल, टेबल-खुर्च्या, लॅपटॉप, बागकामाची हत्यारे आली. सेवांवरचा खर्च वस्तूंकडे वळला, आणि या वस्तूंपैकी बऱ्याचशा चीनमधून कंटेनरने येणाऱ्या होत्या. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांत कामगार आजारी, गोदामे तुडुंब आणि ट्रेलर अपुरे अशी स्थिती झाली. २०२१ च्या अखेरीस त्या किनाऱ्यावर धक्क्याची वाट पाहणाऱ्या जहाजांची संख्या शंभराच्या घरात पोहोचली होती.

इथून आमचे दुखणे सुरू होते. चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या फेरीचे भाडे परतीच्या भाड्याच्या कितीतरी पट झाले, तेव्हा जहाज कंपन्यांनी साधा व्यापारी हिशेब केला की अमेरिकेत उतरलेला कंटेनर तिथला शेतमाल भरण्यासाठी थांबवण्यापेक्षा रिकामाच चीनकडे पळवणे परवडते. अमेरिकेतल्या शेतमालाच्या निर्यातदारांचे जिथे कोणी ऐकेना, तिथे भारताकडे डबे वळवण्याची घाई कोणाला असणार? चाळीस फुटी कंटेनरचे जागतिक सरासरी भाडे साथीपूर्वी दीड हजार डॉलरच्या आसपास होते, ते सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेले. भाडे डब्यावर लागते, आतल्या मालाच्या किमतीवर नाही. मोबाइलने भरलेला कंटेनर ही वाढ पोटात घालू शकतो. तांदूळ किंवा कांद्याने भरलेल्या कंटेनरमध्ये मात्र भाडे मालाच्या किमतीशीच स्पर्धा करू लागते.

आपल्याकडे या टंचाईत घरच्या कारणांचीही भर पडली. टाळेबंदीच्या एप्रिल २०२० मध्ये देशाची आयात आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ५९ टक्क्यांनी घसरली. जूनमध्ये तर १८ वर्षांत प्रथमच आयातीपेक्षा निर्यात जास्त झाली आणि अनेकांनी तिचे स्वागत केले. आमच्या धंद्यात मात्र ते लक्षण बरे नव्हते, कारण आयातीचा माल उतरवून रिकामा झालेला कंटेनरच पुढे निर्यातीला मिळतो. ग्राहकाने नवा टीव्ही, नवे फर्निचर घेतले नाही म्हणजे तो डबाच देशात आला नाही. दिवाळीच्या सुमारास कारखाने आणि शेते दोन्हीकडून निर्यातीची मागणी परतली, तेव्हा यार्डात बॉक्सच नव्हते.

प्रत्यक्षात हे कसे दिसत होते ते सांगतो. शिपिंग लाइनचे बुकिंग हातात असते, त्यावर जहाजाचे नाव आणि कट-ऑफची, म्हणजे माल बंदरात पोहोचवण्याची शेवटची, तारीख असते. ट्रेलर पनवेलच्या पुढच्या रिकाम्या कंटेनरच्या यार्डात जातो, रात्रभर रांगेत उभा राहतो आणि सकाळी त्याला सांगितले जाते की बॉक्स संपले, उद्या या. तोवर नाशिक जिल्ह्यातल्या पॅकहाउसमध्ये द्राक्षे तोडून, प्री-कूलिंग करून, खोक्यांत ग्रेप गार्डचा (बुरशी रोखणारा) कागद घालून शीतगृहात ठेवलेली असतात. लोखंडी सुटे भाग आठवडाभर थांबू शकतात. द्राक्षाचा प्रत्येक दिवस रॉटरडॅमच्या दुकानातल्या त्याच्या आयुष्यातून वजा होतो. त्यात बुकिंग पुढच्या जहाजावर ढकलले गेले, ज्याला आम्ही रोलओव्हर म्हणतो, की एलसीवरची (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीपत्रावरची) माल चढवण्याची शेवटची तारीख उलटते आणि ती वाढवून मागण्यासाठी परदेशी खरेदीदाराचे पाय धरावे लागतात. २०२१ च्या हंगामात हे चालू असतानाच २३ मार्चला एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस तो मार्ग बंद राहिला. जगाने बातमी म्हणून पाहिले ते हे सहा दिवस. द्राक्षवाल्यांचा हंगाम त्याआधीच नासू लागला होता.

आपल्या स्वयंपाकघरातल्या बदलाचाही व्यापारावर असाच माग निघतो. हॉटेले आणि वडापावच्या गाड्या बंद झाल्या तसे तळणासाठी लागणाऱ्या पामतेलाची आयात घटली (जानेवारी २०२० मध्ये रिफाइंड पामोलीनवर घातलेले निर्बंध हेही त्याचे एक कारण होते) आणि घरी वापरल्या जाणाऱ्या सोयाबीन व सूर्यफूल तेलाची आयात वाढली. सूर्यफूल तेलाचा मोठा हिस्सा युक्रेनमधून येत असे. २०२२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा फोडणी का महागली, याच्या उत्तराचा एक धागा टाळेबंदीतल्या या सवयीपर्यंत पोहोचतो.

यातले काय टिकणार आणि काय ओसरणार हे ओळखणे अवघड असते हे मान्य. हळदीचे पाहा. प्रतिकारशक्तीच्या धास्तीने जगभर हळदीचा खप वाढला आणि भारताची हळद निर्यात २०१९-२० मधील सुमारे १.३८ लाख टनांवरून पुढच्या वर्षी १.८४ लाख टनांपर्यंत गेली. त्यानंतरच्याच वर्षी ती १.५३ लाख टनांवर आली. सांगली आणि हिंगोलीच्या शेतकऱ्याने पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवून लागवड वाढवली असेल तर त्याला दोष कसा द्यावा? वाहन कंपन्यांची चूक उलट्या दिशेची होती. विक्री थंडावली म्हणून त्यांनी २०२० च्या सुरुवातीला चिपच्या ऑर्डर कमी केल्या, ती क्षमता लॅपटॉप आणि फोनवाल्यांनी पटकावली, आणि गिऱ्हाईक परतले तेव्हा मोटारींचे उत्पादन चिपवाचून अडले. याउलट यूपीआयची सवय टिकली आणि वाढली. एप्रिल २०२० मध्ये महिन्याला १०० कोटींच्या आत आलेले व्यवहार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २०० कोटींच्या पुढे गेले.

धोरणाच्या बाजूने पाहिले तर अमेरिकेने जून २०२२ मध्ये कायदा करून निर्यातीचा माल विनाकारण नाकारण्यास जहाज कंपन्यांना मज्जाव केला. आपल्याकडे बैठका झाल्या, विनंत्या झाल्या. जुलै २०२१ मध्ये भारतीय जहाजांसाठी १,६२४ कोटींची अनुदान योजना मंजूर झाली, पण ती सरकारी खाती आणि उपक्रम यांच्या आयात मालाच्या निविदांसाठी होती. द्राक्षाच्या डब्याला तिचा उपयोग नव्हता. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, फेरी लांबली, आणि २०२४ च्या मध्याला कंटेनरची टंचाई व भाडेवाढ पुन्हा अनुभवास आली. त्या वेळी ना साथ होती ना टाळेबंदी, तरीही आम्ही यार्डाच्या फाटकावर तसेच उभे होतो.

म्हणून वाढवणच्या बाबतीत दोन मागण्या कराव्याशा वाटतात. रिकाम्या कंटेनरसाठी, विशेषतः शेतमालाच्या रीफरसाठी (शीत कंटेनरसाठी) वीजजोडणीसह राखीव जागा बंदराच्या मूळ आराखड्यातच असावी. न्हावा शेव्याभोवती ही यार्डे उरण-पनवेलच्या रस्त्यांवर जशी वेडीवाकडी पसरली, तसे तिथे होऊ नये. दुसरे असे की कंटेनरवरच्या आरएफआयडी टॅगमुळे तो कुठे आहे याची नोंद लॉजिस्टिक्स डेटा बँक या कंटेनरचा माग ठेवणाऱ्या संगणकीय यंत्रणेत आजही होते. कोणत्या यार्डात कोणत्या प्रकारचे किती रिकामे डबे आहेत याचा आकडा दर आठवड्याला सर्वांसाठी प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, तर निफाडच्या बागाईतदाराला तोडणीचा दिवस ठरवण्यापूर्वी तो पाहता येईल. टर्मिनलचे करार होण्याआधी ही अट घालणे सोपे आहे. नंतर ती घालायची म्हटली तर तीस-चाळीस वर्षांच्या करारावर सह्या झालेल्या असतील.

आपला,
निर्यात व्यवसायातील एक वाचक, पनवेल