एचडीएमआय केबल घेताना आत काय आहे ते विचारा

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मी दारव्हा तालुक्यात टीव्ही, प्रोजेक्टर अन् सीसीटीव्ही फिटिंगचं काम करतो. आपल्याकडं आता खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मोठा टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर आहे, ग्रामपंचायतीत आहे, लग्नाच्या हॉलमध्ये तर आहेच, आणि जिथं जावं तिथं एकच तक्रार ऐकू येऊन राहिली की "नो सिग्नल" येते, नाहीतर मधातच पडदा काळा होते. मग लोक टीव्हीला दोष देतात, लॅपटॉपला देतात, मास्तर बिचारे प्रोजेक्टर गाडीवर बांधून यवतमाळला रिपेरिंगला नेतात, आणि पुष्कळदा मशीन चांगलीच निघते. बिघाड असते तो लॅपटॉप अन् प्रोजेक्टरच्या मधातल्या एचडीएमआय केबलमध्ये. लाखाचं सामान घेताना दहा जण बसून चर्चा करतात अन् केबल मात्र "कोणतीबी द्या" म्हणून घेतात, याचं मला खरंच वाईट वाटते म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

वरची काळी साल कापली की केबलचा खरा माल दिसते. टोकाला १९ पिना असतात. चित्र आणि आवाज नेणाऱ्या चार जोड्या, प्रत्येक जोडीत दोन तारा एकमेकींना पीळ दिलेल्या, त्या जोडीवर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलेलं आणि फॉइलला लागून एक उघडी अर्थची तार. जुन्या पद्धतीत तीन जोड्या डेटाच्या अन् चौथी क्लॉकची, म्हणजे डेटा वाचायचा ताल देणारी असते, २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ आलं त्यात चौथीलाबी डेटाच्या कामाला लावलं आणि एकूण वेग ४८ जीबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट) गेला. बाकी तारा बारक्या कामाच्या, पण रिमोटची सोडून दुसरी कोणती तुटली तरी सगळं बंद: एक ५ व्होल्टची, दोन टीव्हीची ओळख वाचणाऱ्या, एक रिमोटचे हुकूम नेणारी, एक टीव्ही जोडलेला आहे हे सांगणारी. या सगळ्यांवर परत फॉइल, त्यावर बारीक तारेची विणलेली जाळी, आणि मग पीव्हीसीची साल.

आता स्वस्त केबलमध्ये काय होते, तर वरून ती तशीच जाड दिसते, कधी नायलॉनचं विणकाम असते, चकाचक डबा असते, पण आत जोड्यांवर फॉइलच नाही, जाळी नावाला चार तारांची, पीळ कुठं घट्ट कुठं ढिला. या पिळाचं महत्त्व लोकांना कोणी सांगतच नाही. जोडीतल्या दोन्ही तारांमधून उलट-उलट सिग्नल जाते आणि टीव्ही त्या दोघींमधला फरक वाचते. बाहेरच्या विजेचा अडथळा दोघींवर सारखाच पडला की वजाबाकीत तो निघून जाते, म्हणून दोन्ही तारा सारख्या लांबीच्या अन् सारख्या अंतरावर पाहिजेत. एक जरा लांब झाली की तिच्यातला सिग्नल उशिरा पोचते अन् वाचणाऱ्याचा गोंधळ होते. जोडीचा इम्पिडन्स, म्हणजे वेगवान सिग्नलला होणारा विरोध, १०० ओहम ठरवलेला आहे, तो जिथं बदलला तिथून सिग्नलचा काही भाग मागं फिरते. केबल कोपऱ्यात काटकोनात मुडपून वर खिळा ठोकला तर चांगल्या केबलमध्येबी हेच होते, आतलं अंतरच बिघडते.

कालपर्यंत चालत होती आज काऊन नाही चालत, हे तर रोजच विचारतात. सेकंदाला ६० फ्रेमची फुल एचडी घेतली तर केबलमधून साधारण ४.४६ जीबीपीएस जाते, फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र) ३० फ्रेमला ८.९१, आणि फोर-के ६० फ्रेमला १७.८२, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. जुन्या सेट टॉप बॉक्सला पुरली ती केबल नव्या टीव्हीला पुरेलच असं नाही, केबल खराब झाली नाही, तिच्या लायकीपेक्षा जास्त काम आलं. आणि हे डिजिटल आहे, त्याच्यामुळं चित्र थोडं फिक्कं, थोडं धूसर असं होत नाही. आधी पांढरे ठिपके चमकतात, मग पडदा लुकलुकते, मग बंदच. दुकानदार सोन्याचं पाणी दाखवून "पिक्चर क्लिअर येईल" म्हणतात ते खरं नाही, सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग पिनांवर गंज धरू नये एवढाच आहे. पावसाळ्यात तो उपयोग चांगला आहे, पण त्यानं रंग सुधारत नाहीत.

धातूचं म्हणाल तर आपला शेतकरी विहिरीवरची मोटर घेताना वायंडिंग तांब्याची का अॅल्युमिनियमची हे आधी विचारते, तोच माणूस केबल घेताना विचारत नाही. अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली तार सर्रास येऊन राहिली. वेगवान सिग्नल तारेच्या वरच्या थरातूनच जाते त्याच्यामुळं अशी केबल एक-दीड मीटरला चालूनबी जाते, पण अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहते, म्हणून लांबी वाढली की ५ व्होल्ट तिकडं पुरेसे पोचत नाहीत, आणि दोन-चारदा मुडपली की तार आतल्या आत तुटते. ओळखायचं असलं तर जुनी खराब केबल कापा अन् तार ब्लेडनं खरवडा. वरून लाल अन् आत पांढरी म्हणजे अॅल्युमिनियम, वरून पांढरी अन् आत लाल म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते चांगलं. लोहचुंबकाला चिकटली तर आत स्टील आहे. जाडी सालीवर एडब्ल्यूजीमध्ये छापलेली असते, आकडा लहान तेवढी तार जाड, ३० नंबर म्हणजे पाव मिलिमीटर अन् २४ नंबर म्हणजे अर्धा. दोन मीटरला ३० चालते, पण छतावरच्या प्रोजेक्टरला १५ मीटर न्यायची असली तर २४ पेक्षा बारीक तार घेऊच नये, आणि तीबी फुल एचडीसाठीच. फोर-के एवढ्या लांब न्यायचं तर ऑप्टिकलवाली केबल घ्या, तिच्यात चित्राचा सिग्नल काचेच्या धाग्यातून जाते. फक्त तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स अन् दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असते, उलटी लावली की काहीच येत नाही.

सगळ्यात जास्त केबली मरतात त्या डोक्यापाशी. जुन्या व्हीजीए केबलला दोन स्क्रू होते, याला काहीच नाही, नुसतं खोचायचं. पोरं येता-जाता ओढतात, छतावरून केबल आपल्याच वजनानं लोंबते, सगळा ताण आतल्या केसाएवढ्या सोल्डरवर. चांगल्या केबलमध्ये जाळी धातूच्या खोक्याला चारी बाजूंनी जोडलेली असते, सोल्डरवर आतून प्लास्टिकचा साचा असते आणि मागं लवचिक शेपूट असते. प्रोजेक्टरपाशी एक क्लिप मारून वजन तिच्यावर घेतलं तरी निम्मे प्रॉब्लेम येणार नाहीत. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या छताखाली तर विचारूच नका, वरून उंदीर, म्हणून केबल उघडी टाकू नका, पाइपातून न्या आणि पाइप एवढा मोठा घ्या की केबलचं डोकं सहज निघेल, नाहीतर भिंत फोडावी लागते. लाइटच्या वायरसोबत एकाच पट्टीत तर कोंबूच नका, आतली साल ३० व्होल्टची असते अन् बाजूला २३० व्होल्ट.

शाळा व्यवस्थापन समितीला, सरपंच-सचिवांना माझी हात जोडून विनंती आहे की कोटेशनमध्ये नुसतं "एचडीएमआय केबल १५ मीटर" लिहू नका. "२.० ची केबल, २.१ ची केबल" असंबी लिहू नका, केबलवर व्हर्जनचा नंबर टाकायला एचडीएमआयवाल्यांचीच मनाई आहे. कॅटेगरी लिहा: फुल एचडीला हाय स्पीड, फोर-के ६० ला प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस, आणि त्याच्याही वर अल्ट्रा हाय स्पीड. प्रीमियम अन् अल्ट्रा या दोघांच्या डब्यावर क्यूआर कोडचं लेबल असते, ते मोबाईलवर एचडीएमआयवाल्यांच्या अॅपनं स्कॅन करून तिथंच दुकानात पाहून घ्या. सोबत तांब्याची तार, एडब्ल्यूजी नंबर अन् बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून घ्या. आणि केबल भिंतीत टाकायच्या आधी जमिनीवर उलगडून अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहा, मगच फिटिंगवाल्याला पैसे द्या, मलाबी तसेच द्या.

आपला नियमित वाचक,
एक फिटिंगवाला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ