ब्लॉक आडनावाची माणसं

स्ट्रासबर्ग

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आम्ही सगळे मजेत.

मराठी भाषेवर ग्रंथ लिहिणारे ज्यूल ब्लॉक इथलेच का, असं तुम्ही विचारलंत. ते पॅरिसचे. पण ब्लॉक हे आडनाव फ्रान्सच्या या अल्सास भागातल्या ज्यू घरांमध्ये फार सापडतं. सगळे कुलकर्णी जसे एकमेकांचे कुणी लागत नाहीत, तसंच यांचंही.

ज्यूल यांचा मराठीच्या घडणीवरचा प्रबंध १९१४ चा, पुस्तक निघालं १९२० साली. ग्रंथालयात ते हाती आलं तेव्हा मी आधी शेवटची शब्दसूची उघडली. पानंच्या पानं आपले रोजचे शब्द, रोमन लिपीत, आणि त्यांच्यापुढे संस्कृत, प्राकृत, गुजराती, सिंधी, बंगाली अशी भावंडं! 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च निराळा का, 'पूल'चं 'पुलाला' होताना ऊ ऱ्हस्व का होतो, असल्या गोष्टींचा त्यांनी एकेक ध्वनी धरून माग काढलाय. परक्या माणसाने आपल्या भाषेसाठी एवढे कष्ट घेतले, हे बघून मला खरंच भरून आलं. पुढे १९३७ साली ते कॉलेज द फ्रान्स या पॅरिसमधल्या नामवंत संस्थेत संस्कृतचे प्राध्यापक झाले.

इथे मात्र ब्लॉक म्हटलं की मार्क ब्लॉक. मोठे इतिहासकार. १९१९ ते १९३६ याच शहरात शिकवत होते. १९२९ साली ल्युसियाँ फेव्र यांच्याबरोबर त्यांनी 'आनाल' हे नियतकालिक काढलं. राजेरजवाड्यांऐवजी शेतं, नांगर, लोकांच्या समजुती यांचा इतिहास त्यामुळे पुढे आला. सहा मुलांचा बाप, पन्नाशी उलटलेली, तरी जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत उतरले. ल्योंमध्ये पकडले गेले, हालहाल झाले, आणि १६ जून १९४४ रोजी त्यांना गोळ्या घातल्या. थडग्यावर 'याने सत्यावर प्रेम केलं' एवढंच लिहा, असं मृत्युपत्रात सांगून ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी इथे येऊन त्यांना पॅन्थिऑनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या थोरांच्या स्मारकात, स्थान देण्याची घोषणा केली. फार उशीर झाला असं मला वाटतं.

तिसरे ब्लॉक सुधाकाकांना सांगा. ग्वाल्हेरला ते ज्या मिराजवर काम करायचे, ती विमानं बनवणारे मार्सेल दासो जन्माने मार्सेल ब्लॉक! वडील स्ट्रासबर्गचे डॉक्टर. जर्मनांसाठी काम करायला नकार दिला म्हणून बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेले. युद्धानंतर भावाच्या चळवळीतल्या गुप्त नावावरून त्यांनी दासो हे आडनाव घेतलं. आपल्या हवाई दलाने १९५३ साली घेतलेली 'तूफानी' विमानंही त्यांचीच.

ज्यूल यांच्या ग्रंथाचं वा. गो. परांजप्यांनी केलेलं मराठी भाषांतर वाचनालयात आहे का, बघाल? असेल तर शब्दसूची त्यात घेतलीय का तेवढं कळवा. नसेल तर मी इथून पानांचे फोटो पाठवते.

आईला सा. न., चिंटूला आशीर्वाद.

तुमची,
मीना