डोंगरवाटांना कायमची माणसे नेमावीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस उघडू लागला की नाशिककरांची पावले अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरकडे वळतात. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या शतकानुशतके टिकून आहेत. त्या पायऱ्यांपर्यंत नेणाऱ्या मातीच्या वाटेची काळजी मात्र कुणाकडेच सोपवलेली दिसत नाही. त्यासाठी हे पत्र.

डोंगरवाट बिघडते ती मुख्यतः पाण्याने. पायांखाली गवत मेले की मुरूम उघडा पडतो, पावसाचे पाणी तीच उतरण धरते आणि काही पावसाळ्यांत वाटेचा ओहळ होतो. ओहळातून चालवत नाही म्हणून लोक कडेच्या गवतावरून जातात, तिथलीही माती सुटते आणि एका वाटेच्या चार वाटा होतात. अंजनेरीवर तर हे फार जिव्हारी लागते, कारण कंदीलपुष्पाच्या एका जातीला या डोंगराचेच नाव मिळाले आहे आणि तिची नाजूक रोपे पायदळी जायला वेळ लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पंधरा-वीस जणांनी मे महिन्यातले रविवार श्रमदान करून त्र्यंबक परिसरातील एका वाटेवर दगडी पायऱ्या रचल्या. जुलैत गेलो तेव्हा निम्म्या पायऱ्या खालच्या करवंदीच्या जाळीत पडल्या होत्या. पाड्यावरच्या एका वयस्कर वनमजुरांनी कारण दाखवले. आम्ही दगडाची लांब बाजू दर्शनी ठेवली होती, ती डोंगराच्या पोटात जायला हवी होती. शिवाय वरून येणारे पाणी बाजूला काढणारी तिरकी चर आम्ही खणलीच नव्हती. त्यांनी पहारीने खड्डा करून एक दगड बसवला, फटींत चिपा ठोकल्या, वर उभे राहून तो डुलतो का ते पाहिले आणि डुलतो म्हणून पुन्हा काढून बसवला. ती पायरी आजही जागेवर आहे.

सांगायचे ते हेच, की नुसत्या उत्साहाने वाट टिकत नाही आणि नुसत्या ठेकेदारीनेही नाही. सिमेंटच्या पायरीखालची माती वाहून गेली की ती अधांतरी राहते आणि तडकते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘फिक्स द फेल्स’ या उपक्रमात पगारी रेंजर दगडकाम करतात आणि प्रशिक्षित स्वयंसेवक वाटा चालून तुंबलेले निचरे मोकळे करतात. आपल्याकडे वनविभाग आहे, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, रोजगार हमीची योजना आहे आणि दगड ओळखणारे हात पाड्यांवर आहेत. वर्दळीच्या प्रत्येक डोंगरासाठी पाड्यावरच्याच चार जणांना बारमाही मजुरीवर नेमावे. दगड वाहणे, चर उपसणे, मधले शॉर्टकट काट्यांनी बंद करणे ही कामे श्रमदानाला येणाऱ्यांनी त्यांच्या सांगण्यानुसार करावीत.

साल्हेर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा पावले वाढणारच. सिंहस्थाच्या नियोजनात ब्रह्मगिरीच्या वाटांच्या दुरुस्तीचा स्वतंत्र समावेश व्हावा, आणि पहिली पाहणी भर पावसात, पाणी कुठून उतरते ते दिसत असतानाच करावी, अशी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. घमेली, पहारी घेऊन आम्ही यायला तयार आहोत.

आपला,
एक गिरिप्रेमी वाचक, नाशिक