आयाकुचो: आधी उतार बघ

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पेरूच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या आयाकुचोच्या लढाईवरचा तुझा निबंध वाचला. ‘थोड्यांनी पुष्कळांना हरवलं’ हे वाक्य काढून टाक. आकडे चुकलेले नाहीत. ९ डिसेंबर १८२४ ला पेरूतल्या किनुआच्या पठारावर स्वातंत्र्यसेनेचा सेनापती सुक्रे याच्याकडे ५,८०० च्या आसपास माणसं आणि एकच तोफ होती. स्पेनचा व्हाइसरॉय ला सेर्ना याच्याकडे सुमारे ९,०००. पण ते ९,००० एकदम लढलेच नाहीत.

स्पॅनिश फौज कोंदोर्कुंका डोंगरावर होती. तिथून खाली यायचं म्हणजे अरुंद पायवाटांनी, एकामागे एक. खाली पोचल्यावर रांगा लावायला वेळ हवा, आणि तोफा तर खेचरांवर लादलेल्या. त्या उतरवून जोडेपर्यंत पायदळाने थांबायला हवं होतं. त्यांच्या डाव्या बगलेवरचा अधिकारी रुबिन दे सेलिस थांबला नाही, आधीच पुढे धावला आणि मारला गेला. सुक्रेचा पंचवीस वर्षांचा सेनानी कोर्दोवा याने नेमक्या त्याच वेळी चाल केली. मधल्या घळीतून स्पॅनिश सेनानी मोनेतची माणसं वर येत होती. जी आली ती रांगेत उभी राहण्याआधीच मोडली, मागची घळीतच अडकली. स्पॅनिशांपैकी एकट्या वाल्देसने सुक्रेकडच्या ला मारच्या तुकडीला खरोखर मागे रेटलं होतं. त्याच्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस, ती लिही.

दुपार व्हायच्या सुमारास निकाल लागला. ला सेर्ना जखमी होऊन कैद झाला, म्हणून शरणागतीवर सही त्याच्या हाताखालच्या सेनापती कान्तेराकची आहे. तो करार नीट वाच, फार उदार आहे. मायदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांचा प्रवासखर्च पेरूने द्यायचा, तोवर निदान अर्धा पगार. काय्याओ बंदराचा किल्ला २० दिवसांत सोडायचा होता. तिथला स्पॅनिश अधिकारी रोदिल याने तो सोडला नाही. उपासमार आणि रोगराईत जानेवारी १८२६ पर्यंत धरून ठेवला. स्पेनने पेरूला मान्यता दिली ती तर १८७९ मध्ये.

आणि शेवटचा परिच्छेद ‘स्वातंत्र्य मिळालं’ इथे संपवू नकोस. दोन्ही बाजूंच्या रांगांत पुष्कळसे शिपाई अँडीजमधले मूळनिवासी शेतकरी होते, बरेचसे जबरदस्तीने भरती केलेले. त्यांच्यावरचा जुना डोईकर स्वातंत्र्यलढ्याचा आधीचा नेता सान मार्तिन याने १८२१ मध्ये रद्द केला होता. लढाईनंतर दोन वर्षांच्या आत, १८२६ मध्ये, नव्या सरकारने तो दुसऱ्या नावाने परत लावला. तो उठला १८५४ मध्ये.

तुझे,
बाबा