घसा रडून बसला नव्हता

लॉरेन्स, कॅन्सस
१९ फेब्रुवारी २०१७, रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांना मनूचा शि. सा. नमस्कार.

पत्र बघून आधी घाबरू नका. मी बरी आहे, जेवले आहे, खोलीतला हीटर चालू आहे आणि पायात आईने विणलेले मोजे आहेत. फोनवर बोलता आलं असतं, पण आई दर दोन वाक्यांनी "जेवलीस का" विचारते आणि बाबा "बरं, ठेव आता, बिल येतं" म्हणतात. मला जे सांगायचंय ते मध्ये न तुटता सांगायचंय. दादाला मेल करतेय, तो मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून आणेल.

आई, मंगळवारी सकाळी मी फोन केला तेव्हा माझा आवाज पार बसलेला होता. तू म्हणालीस, "मनू, रडू नको गं, डॉक्टर म्हणाले बाबांना वेळेवर आणलं." मग तू मावशीला सांगितलंस, खालच्या काकूंना सांगितलंस, की पोरीने तिकडे एकटीने रडून रडून घसा बसवून घेतला. काकूंचा मला मेसेजसुद्धा आला, धीर धर म्हणून. आई, तो घसा रडून बसला नव्हता. तोपर्यंत मला काही माहीतच नव्हतं. तुमची मंगळवारची सकाळ म्हणजे इथली सोमवारची रात्र. तू अकरा वेळा फोन लावलास तेव्हा मी सोळा हजार माणसांत उभी राहून ओरडत होते. विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या मॅचला गेले होते. तू मला समजावत होतीस आणि मी "नाही गं, तसं नाही" एवढंही म्हटलं नाही. सहा दिवस ते पोटात घेऊन फिरतेय.

फोन कोटाच्या खिशात होता. कोट नेला होता, तोच जाड, निळा. पण आत इतकी गर्दी असते की उकडतं, म्हणून सगळे कोट काढून बाकाखाली टाकतात. माझ्या कोटावर आणखी पाच जणांचे होते.

आता बाबा, पुढचं तुमच्यासाठी. ती मॅच मी घरी जाताजाताच तुम्हाला फोन करून सांगणार होते, तुमच्याशिवाय ती सांगायला मला आहे तरी कोण? ती अजून सांगायची राहिली आहे. डॉक्टरांनी टीव्हीवरच्या मॅच महिनाभर बंद केल्यात, पण वाचायला काही म्हणाले नाहीत. तरी हळू वाचा. शेवट चांगला आहे हे आधीच सांगून ठेवते.

शिवाजीनगरच्या ग्राउंडवर तुम्ही मला लुनाच्या सीटवर बसवून पीचच्या टोपल्यांची गोष्ट सांगायचात. १८९१ चा डिसेंबर, स्प्रिंगफील्डची थंडी, आत कोंडलेली पोरं. बास्केटबॉल काढणाऱ्या नेस्मिथसाहेबांनी शिपायाला खोके मागितले, त्याच्याकडे खोके नव्हते, म्हणून त्याने टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवर. मी दर वेळी विचारायचे, मग बॉल खाली कसा यायचा? आणि तुम्ही दर वेळी शिडीवर चढायची नक्कल करायचात.

तेच नेस्मिथ १८९८ मध्ये इथे आले, माझ्या विद्यापीठात, आणि १९३९ मध्ये वारले ते याच गावात. त्यांच्या थडग्याचा फोटो मी पहिल्याच वर्षी पाठवला होता, जो तुम्ही आई नको म्हणत असताना देवघराशेजारी लावलात. एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. इथल्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले ते एकटेच: ५५ विजय, ६० पराभव. ज्याने खेळ काढला त्याचा हा हिशेब! आणि तरी कोर्टाला नाव त्यांचं, बाहेरच्या रस्त्यालाही त्यांचंच. त्यांचे टाइप केलेले तेरा नियम गेल्या वर्षी उघडलेल्या शेजारच्या इमारतीत काचेआड ठेवलेत. सोमवारी रांगेत लागण्याआधी मी तिथे जाऊन आले. दोनच पानं आहेत. काचेवर हात ठेवून तुमचं नाव घेतलं.

मॅच होते ते फील्डहाउस १९५५ सालचं आहे. बाहेरून एखाद्या जुन्या दगडी गोदामासारखं दिसतं. आत शिरलं की छताखाली जुन्या खेळाडूंची नावं आणि नंबर टांगलेले, त्यात तुम्ही ज्याचं नाव घेताना कानाला हात लावता तो विल्ट चेंबरलेनही, १३ नंबर. विद्यार्थी आधीपासून गट करून जागा धरतात, पाळीपाळीने हजेरी द्यावी लागते. आमच्या लॅबच्या ज्युनिअर पोरींनी माझी पाळीसुद्धा स्वतः दिली, कारण मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात अडकले होते. पाहुण्या संघाची नावं पुकारायला लागले की सगळे विद्यार्थी तोंडासमोर वर्तमानपत्र धरतात, जणू तुमच्याकडे बघायलाही आम्हाला वेळ नाही. मग आपल्या खेळाडूंची नावं आली की तेच पेपर फाडून तुकडे उडवायचे. आपल्याकडे कोणाच्या लग्नात उधळतात ना तांदूळ, तसे ते डोक्यावर पडत राहतात.

त्या दिवशी आणखी एक होतं. पंधरवड्यापूर्वी केंटकी विद्यापीठाच्या प्रेक्षकांनी, आपला संघ तिथे खेळायला गेलेला असतानाच, बंद स्टेडियममधल्या सगळ्यात मोठ्या आवाजाचा गिनेस विक्रम केला होता, १२६.४ डेसिबलचा. तो इथे मोडायचा होता. मॅच सुरू होण्याआधी आम्ही ओरडलो आणि १३०.४ झाले. बाबा, तो आवाज कानाला ऐकू येत नाही, तो छातीत लागतो. पायाखालचा बाक थरथरत होता. घसा तिथेच गेला. तेव्हा तुमच्याकडे सात वाजून गेले असतील, तुम्ही अंबाझरी तलावाला दुसरी फेरी मारत असाल. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा करते.

समोर वेस्ट व्हर्जिनियाचा संघ होता. फुल कोर्ट प्रेस म्हणजे काय ते मला तुम्ही खडूने अंगणात काढून दाखवलं होतं. हे लोक तेच, कोर्टभर अंगावर येऊन अडवणं, चाळीस मिनिटं करतात. श्वास घेऊ देत नाहीत. आपली पोरं चुकत होती, बॉल हातातून जात होता. आपला फ्रँक मेसन पाच फूट अकरा, म्हणजे त्या राक्षसांमध्ये बुटकाच. तो बॉल घेऊन सरळ उंचांच्या पोटात शिरतो, तुमच्यासारखा. आईला तुमचा तो फोटो दाखवायला सांगा, युनिव्हर्सिटी टीमचा, पहिल्या रांगेत डावीकडून दुसरे. खांदा पुढे काढून उभे आहात तो. मेसनचा खांदा अगदी तसाच असतो.

शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती आणि आपण १४ गुणांनी मागे होतो. आमच्या पुढचे दोघं-तिघं कोट चढवायला लागले. मीसुद्धा वाकले, बाकाखालून कोट ओढायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लॅबमध्ये जायचं होतं. शेजारच्या पोरीने माझा दंड धरला आणि म्हणाली, थांब ना. मी कोट सोडला.

तो ओढला असता तर फोन दिसला असता. तुमच्याकडे तेव्हा सव्वानऊ-साडेनऊ झाले होते, आई एकटी दवाखान्यातल्या बाकड्यावर बसली होती, हातात तुमचं घड्याळ आणि चष्मा घेऊन. मी कोट सोडला कारण मला बघायचं होतं. हे लिहिताना दोनदा थांबले.

मग जे झालं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आपणच त्यांच्यावर प्रेस लावली. डेव्होन्टे ग्रॅहमने लांबून टाकायला सुरुवात केली. फाउल, फ्री थ्रो, बॉल हिसकावला, पुन्हा बास्केट. चौदाचे दहा कधी झाले, दहाचे पाच कधी झाले, कळत नव्हतं. पाच झाले तेव्हा मी शेजारणीचा हात इतका दाबला होता की तिच्या हातावर वळ उठले. ७१-७१. ओव्हरटाइम. आणि ८४-८० ने जिंकलो. मेसनचे २४ गुण.

जिंकल्यावर इथे सगळे दोन्ही हात वर करून सावकाश डोलतात, कॅन्ससच्या शेतातला गहू वाऱ्यावर हलतो तसे. त्याआधी, जिंकणार हे नक्की झालं की, एक घोष म्हणतात, "रॉक चॉक, जेहॉक, केयू", अगदी खालच्या सुरात, लांबवत. इतक्या आरडाओरड्यानंतर तो ऐकला की आरती संपून घालीन लोटांगण सुरू व्हावं तसं वाटतं. हात वर असताना मला वरुडचं मामाचं शेत आठवलं, होळीच्या आधीचं. तुम्ही मला खांद्यावर घेऊन बांधावरून चालायचात आणि मी वरून ओंब्या तोडायचे. त्या खांद्यावरून मला कधी भीती वाटली नाही.

बाहेर आल्यावर थंडीत कोट घातला, खिशात हात घातला. अकरा मिस्ड कॉल.

तिथून मी तशीच नेस्मिथ ड्राइव्हच्या कडेला बसले आणि फोन लावला. पुढचं तुला माहीत आहे, आई. बाबा, तुम्हाला हृदयाच्या नळीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायला आत नेलं होतं. तुमच्या दुपारी दीड वाजता दादाने "स्टेंट झाला, बोलताहेत" म्हणून कळवलं तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजले होते. रडले ते तेव्हा. म्हणजे काकूंना तू सांगितलंस ते अगदीच खोटं नाही, फक्त उशिराने खरं झालं.

आणखी एक आहे, आणि तेच जास्त अवघड आहे. त्या मॅचला मी गेले ते साजरं करायला गेले होते. आदल्या शुक्रवारी मी इथल्याच लॅबमध्ये दोन वर्षांच्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीच्या, कागदावर सही केली. "मे मध्ये डिग्री, जूनमध्ये घरी" असं मी तुम्हाला गेल्या दिवाळीत म्हटलं होतं. रविवारच्या फोनवर सांगणार होते, पण त्या दिवशी बाबा खिडकीला रंग देत होते आणि म्हणाले, मनूची खोली आहे, पिस्ता रंग देऊ का? मला तोंडच उघडता आलं नाही.

का सही केली ते सांगते. घरावरचं कर्ज या दोन वर्षांत फिटतं, मी तीन वेळा हिशेब केलाय, दादालाही दाखवलाय. व्हिसाच्या नियमाने शिकून झाल्यावर इथे काम करता येतं, ती संधी एकदा सोडली की परत येत नाही. ज्या औषधावर चार वर्षं घालवली त्याचं काम अर्धं राहिलंय. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि एक अजून, मला हे काम आवडतं, बाबा. सही केली तेव्हा मी आनंदात होते. तुमच्यापासून ते लपवून काय करू? मंगळवारनंतर कागद परत मागावा असंही वाटलं, दोन दिवस तोच विचार होता. नाही मागितला.

पिस्ता रंग द्या. मी १८ मार्चला निघतेय, वसंताच्या सुट्टीत, तिकीट काढलंय, आठ दिवस. आणि त्यानंतर दर वर्षी दोनदा. इथे माझी कसलीच आबाळ नाही. कॅन्सस सिटीकडे इंडियन दुकान आहे, तिथे तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, सगळं मिळतं. बर्फ साफ करायला घरमालकाचा माणूस येतो. रात्री लॅबमधून कधीच एकटी येत नाही.

आता सूचना. आई, फ्रिजवर लावून ठेव.

क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही, आणि दात काढायला गेलात तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. नव्या स्टेंटवर गुठळी धरू नये म्हणून त्या असतात. बाबा, अ‍ॅसिडिटीची ती ओमेप्राझोल तुम्ही स्वतःच्या मनाने घेता, ती बंद. क्लोपिडोग्रेलचं काम त्याने कमी होऊ शकतं. डॉक्टरांना सांगून दुसरी लिहून घ्या. हे मी मुलगी म्हणून सांगत नाहीये, हा माझा विषय आहे.

दादाला सांगा बिल मला पाठव. ज्या दिवशी तुम्हाला स्टेंट बसवला त्याच १४ तारखेपासून सरकारने किमतीवर मर्यादा घातली आहे, औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, वर कर. भांडायला नको, फक्त आकडा बघायचा.

तर्री पोहे नाहीत. पापड भाजलेलासुद्धा नाही. बर्डीला गाडी घेऊन जायचं नाही. माळ्यावरची बॅग काढायला चढायचं नाही, मी आल्यावर काढेन. डॉक्टर हो म्हणाले की अंबाझरीला जा, पण आईला घेऊन, आणि गप्पा मारता येतील एवढ्याच चालीने. आई, तुझी शुगर कधी तपासलीस? बाबांच्या गडबडीत तुझं राहतं. या आठवड्यात तपास आणि मला आकडा कळव, "ठीक आहे" असं नको, आकडा.

आणि काही झालं तर माझ्यापासून लपवायचं नाही. फोन आता मी हातात धरते, कोटात ठेवत नाही.

कोटाच्या टोपीत वर्तमानपत्राचा एक तुकडा अडकलेला सापडला, बोटभर. तो वहीत ठेवलाय, येताना आणते. बाबा, तोवर एक काम करा. तीन मिनिटं, १४ गुणांनी मागे, समोर तसा संघ: तुम्ही कोणाला कुठे उभं केलं असतं ते कागदावर काढून ठेवा. घाई नको. हात थरथरत असेल तर तुम्ही सांगा, रेघा आई मारेल.

तुमची,
मनू